बढतीचा जमाखर्च

नोकरीत बढती मिळाल्याचा कागद हाती आला की आमच्याकडील घरांत बहुधा दोनच प्रकार घडतात. एक तर त्याच दिवशी पेढे वाटले जातात, ग्रामदेवतेपुढे नारळ ठेवला जातो आणि 'आता साहेब झालात' असे म्हणून शेजारी पाठ थोपटून जातात; किंवा 'आपणांस ती दगदग नको' असे चार भिंतींच्या आत ठरून नकाराचा अर्ज निमूटपणे कचेरीत पोचता होतो. पहिल्या प्रकारात विचारास अवकाश मिळत नाही आणि दुसऱ्यात भीती विचारास पुढे येऊ देत नाही. मालवणच्या बाजारपेठेतील लहानसा दुकानदारही नवा माल घेण्यापूर्वी दर, वाहणावळ, नासधूस आणि उधारी यांचा हिशेब मांडतो. ज्या निर्णयाने कुटुंबाच्या पुढील वीस वर्षांची दिशा बदलावयाची, तो मात्र टाळ्यांच्या गजरात किंवा भयाच्या सावटात उरकला जावा, ही आम्हांस मोठीच विसंगती वाटते. म्हणून बढतीचा जमाखर्च कसा मांडावा याविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

हा प्रश्न सर्वत्रच आहे. परंतु आमच्या किनाऱ्यावर तो अधिक तीव्र का, हे प्रथम पाहिले पाहिजे. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा होऊन सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला. ओरोस येथे जिल्ह्याच्या कचेऱ्या आल्या आणि पुष्कळांस घरापासून जवळ नोकरी मिळाली. तरीही वरच्या जागा थोड्याच. मालवण, देवगड किंवा वेंगुर्ले येथे बँकेत, टपालात अथवा सरकारी खात्यात असलेल्या माणसास वरची पायरी चढावयाची तर ती पायरी बहुधा कोल्हापूर, पुणे, मुंबई अशा ठिकाणीच सापडते. पुण्यातील कारकुनाची बढती अनेकदा एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर जाण्याइतकी सोपी असते. मालवणच्या कारकुनाची बढती म्हणजे बिऱ्हाड मोडणे. पिढ्यान्‌पिढ्या 'चाकरमानी' हा शब्द ज्या प्रांताने आपल्या उरावर वागविला, मुंबईहून येणाऱ्या मनिऑर्डरीवर ज्याच्या चुली पेटल्या, त्या प्रांतास वियोगाची किंमत कोणी शिकविण्याचे कारण नाही. १९९८ पासून कोकण रेल्वे धावू लागली व अंतर सुसह्य झाले हे खरे. पण सुमारे पाचशे किलोमीटरचे अंतर आजाऱ्याच्या उशाशी बसण्यास पाचशे किलोमीटरच राहते.

प्रथम जमेची बाजू घेऊ, कारण ती लहान नाही. बढतीने वेतन वाढते, आणि ही वाढ केवळ महिन्याची नसते. १ एप्रिल २०२५ पासून केंद्र सरकारने सुरू केलेल्या एकीकृत निवृत्तिवेतन योजनेत पंचवीस वर्षे सेवा पूर्ण केलेल्या सेवकास शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्म्याएवढे निवृत्तिवेतन मिळावयाचे आहे. म्हणजे आज पदरी पडलेली वाढ उतारवयापर्यंत सोबत चालते. दुसरे असे की वरच्या जागेवर बसलेल्या सज्जन माणसाच्या हातून जे हित होते ते खालच्या जागेवरील दहा सज्जनांच्या हातून होत नाही. 'कचेऱ्यांत आमचे कोणी नाही' अशी तक्रार आमचे लोक नित्य करतात; परंतु जागा चालून आली असता ती सोडून द्यावयाची आणि मग तक्रार करावयाची, हे न्यायाचे नव्हे. तिसरा लाभ मुलांचा. त्याचे उदाहरण मालवणात जन्मलेल्या एका पुरुषाच्याच चरित्रात आहे.

डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा जन्म १८३७ साली मालवण येथे झाला. त्यांचे वडील महसूल खात्यात कारकून होते. १८४७ च्या सुमारास वडिलांची बदली रत्नागिरीस झाली व तेथील इंग्रजी शाळेचे दार मुलास उघडले. पुढे १८६२ साली मुंबई विद्यापीठाचे जे पहिले चार पदवीधर बाहेर पडले त्यांत भांडारकर होते. वडिलांनी बदलीचा त्रास नको म्हणून घरीच राहण्याची खटपट केली असती, तर त्या मुलाचे काय झाले असते हे सांगता येत नाही. पण जे झाले ते बदलीमुळे सुलभ झाले, एवढे निश्चित. आजही ज्या घरात मुले शिकण्याच्या वयाची आहेत त्या घराने हे उदाहरण विसरू नये.

त्याच चरित्रातून दुसराही बोध निघतो. भांडारकरांनी एल्फिन्स्टन कॉलेजात संस्कृतच्या प्राध्यापकाचे काम हंगामी म्हणून केले. पण कायमची जागा विलायतेहून आलेल्या पीटर पीटरसन यांस मिळाली आणि भांडारकरांस दुय्यम स्थानी राहावे लागले. हा अन्यायच होता, यात आम्हांस शंका नाही. तथापि दख्खनच्या प्राचीन इतिहासावरील त्यांचा ग्रंथ १८८४ साली प्रसिद्ध झाला, आणि सरकारी सेवेतून निवृत्त होताच १८९३ साली ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. पद न मिळाल्याने ज्याचे काम थांबते त्याचे काम पदानेही वाढणार नाही. बढतीची योग्यता आणि बढती यांची गल्लत करू नये.

आता नुसत्या शब्दांवर न थांबता आकडे मांडू. २०१६ पासून लागू झालेल्या सातव्या वेतन आयोगाच्या कोष्टकात टपाल सहायक चौथ्या स्तरावर येतो. त्याची पहिली बढती, जिला खात्यात 'लोअर सिलेक्शन ग्रेड' म्हणतात, ती पाचव्या स्तरावरील. समजा, अशा एका सहायकाचे मूळ वेतन ३२,३०० रुपये आहे. बढतीच्या नियमाप्रमाणे प्रथम त्यास एक वेतनवाढ देऊन आकडा ३३,३०० केला जातो व मग पाचव्या स्तरातील त्याबरोबरचा किंवा त्यावरील आकडा घेतला जातो. तो ३३,९०० आहे. म्हणजे मूळ वेतनातील वाढ १,६०० रुपये, सुमारे दीड वार्षिक वेतनवाढीएवढी. त्यावर महागाई भत्ता वेगळा. बदली मुंबईस झाली तर घरभाडे भत्ताही वाढतो. जानेवारी २०२४ पासूनच्या दराने लहान गावी मूळ वेतनाच्या दहा टक्के म्हणजे ३,२३० रुपये मिळत असतील, तेथे मुंबईस तीस टक्के म्हणजे १०,१७० मिळतील. कागदावर हा आकडा मोठा दिसतो. परंतु तो घरी येत नाही, घरमालकाकडे जातो. आणि मालवणात ज्याचे घर स्वतःचे, परसात चार माड, दारात विहीर, त्यास लहान गावचा भत्ताही बहुतांशी शिल्लकच पडत होता, ही गोष्ट पुष्कळजण हिशेबात धरीत नाहीत.

याहून चमत्कारिक गोष्ट पुढेच आहे. केंद्र सरकारच्या सेवेत बढती न मिळता दहा, वीस व तीस वर्षे गेली तर वेतनस्तर वाढविण्याची योजना आहे. ज्या सहायकास दहा वर्षांनंतर अशा रीतीने पाचवा स्तर मिळाला, त्यास पुढे त्याच स्तराची प्रत्यक्ष बढती आली तर वेतननिश्चितीचा लाभ पुन्हा मिळत नाही. म्हणजे वेतन तेच, जबाबदारी मात्र नवी आणि गावही नवे! लोक अशी बढती नाकारतात याचे आश्चर्य ते काय? पण नकाराचीही किंमत आहे. नकार मान्य झाला तरी एक वर्षपर्यंत पुन्हा बढती देऊ केली जात नाही, आणि त्या अवधीत बढती घेतलेले कनिष्ठ पुढे निघून जातात. दहा वर्षे भरण्यापूर्वीच बढती नाकारली असेल तर ती स्तरवाढही मिळत नाही. वाढ मिळाल्यावर नाकारली तर मिळालेली परत जात नाही, पण पुढील वाढ अडते. तेव्हा एकच बढती एका सेवकास लाभाची व त्याच्याच शेजारच्या मेजावरील सेवकास तोट्याची असू शकते. शेजाऱ्याने नाकारली म्हणून आपण नाकारणे, किंवा शेजाऱ्याने घेतली म्हणून आपण घेणे, हे दुसऱ्याच्या खतावणीवरून आपला ताळेबंद लिहिण्यासारखे आहे.

पैशाच्या पलीकडचा खर्च आता पाहू. घरचा कर्ता परगावी गेला की एका घराच्या दोन चुली होतात. वृद्ध आईबापांचे औषधपाणी, आंब्याकाजूची राखण, कोर्टकचेरीत पडलेले जमिनीचे कज्जे, गौरीगणपतीचे येणेजाणे, ही कामे तो गेला म्हणून थांबत नाहीत. ती कोणाच्या तरी डोक्यावर जातात. ते डोके बहुधा घरातील स्त्रीचे असते आणि तिच्या श्रमाची नोंद कोणत्याच वहीत होत नाही. त्याचप्रमाणे कामाचे स्वरूपही पालटते. उत्तम खलाशी तो उत्तम तांडेल होईलच असे नाही, हे आमच्या किनाऱ्यावरील पोरासही ठाऊक आहे. खलाशाने जाळे ओढावे. तांडेलाने वारा ओळखावा, पाण्याचा ओघ पाहावा, आणि प्रसंगी 'आज होडी लोटावयाची नाही' असे सांगून सर्वांचा राग सोसावा. लॉरेन्स पीटर यांनी १९६९ साली रेमंड हल यांच्यासमवेत जे पुस्तक लिहिले त्यात हेच मांडले आहे: प्रत्येक माणसास जोवर काम जमते तोवर वर चढविले जाते, आणि जे जमत नाही तेथे नेऊन कायमचे बसविले जाते. हे त्यांनी बरेचसे विनोदाने लिहिले. परंतु २०१९ साली बेन्सन, ली व श्यू या तीन अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील १३१ कंपन्यांच्या विक्रीखात्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात असे आढळले की सर्वांत अधिक विक्री करणाऱ्यासच बढती मिळण्याचा संभव अधिक, पण असा विक्रेता वरिष्ठ झाल्यावर त्याच्या हाताखालच्यांची विक्री तुलनेने खालावते. आमच्या व्यापारी वाचकांनी हे ध्यानी धरावे. गल्ल्यावर चलाख असलेल्या माणसास दिवाणजी केल्याने कधी कधी गल्ला व दिवाणजी दोन्ही बिघडतात.

खाजगी कारखान्यांत व कंपन्यांत आणखी एक गोष्ट तपासली पाहिजे. कामगार म्हणून कायद्याने जे संरक्षण असते ते बढतीबरोबर सुटू शकते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने व्यवस्थापकांस आणि ठराविक वेतनावरील देखरेख करणाऱ्यांस 'कामगार' या व्याख्येबाहेर ठेविले. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही ती रेषा कायम असून देखरेख करणाऱ्याच्या बाबतीत वेतनाची मर्यादा महिना १८,००० रुपये आहे. म्हणजे काल ज्यास कामावरून काढण्यापूर्वी मालकास दहादा विचार करावा लागे, तो आज 'सुपरवायझर' अशी पाटी लावून बसला की त्याचे दार एका पत्राने बंद होऊ शकते. मुंबईच्या गिरण्यांतील जुन्या जॉबरांची स्थिती ज्यांच्या आजोबांनी पाहिली, त्यांस मालक व मजूर यांच्यामध्ये सापडलेल्या माणसाची कुचंबणा सांगावयास नको. म्हणून अशा जागी केवळ हुद्द्याचे नाव पाहू नये. नेमणुकीच्या अटी मागून घ्याव्या, वाचाव्या व न समजल्यास जाणत्यास दाखवाव्या.

इतके वाचून कोणी म्हणेल की आम्ही घरकोंबडेपणाचा पुरस्कार करीत आहो. तसे नाही. राहणे आणि चिकटणे यांत अंतर आहे. वि. स. खांडेकर १९२० साली वेंगुर्ले तालुक्यातील शिरोडे गावच्या शाळेत शिक्षक म्हणून आले आणि तेथेच मुख्याध्यापक होऊन १९३८ पर्यंत राहिले. शहरापासून दूरच्या त्या लहान गावी त्यांनी एक शाळा उभी केली आणि 'हृदयाची हाक', 'उल्का' या कादंबऱ्याही तेथील वास्तव्यातच लिहिल्या. जेव्हा निराळ्या कामाची हाक आली तेव्हा ते कोल्हापूरास गेलेही. जो गावात राहून काही वाढवितो त्याच्या राहण्यास महत्त्वाकांक्षेचा अभाव म्हणणे हा मूर्खपणा होय. मात्र जो वरिष्ठाच्या खुर्चीतील उत्तरदायित्वास भिऊन, संगणकावरील नव्या कामास भिऊन, किंवा आपल्याच सहकाऱ्यांस हुकूम कसा द्यावा या संकोचाने मागे राहतो, आणि त्यास आईबापांच्या सेवेचे नाव देतो, तो आईबापांच्याच नावावर खोटे कर्ज लिहितो. नकाराचे खरे कारण निदान स्वतःपाशी तरी खरे सांगावे.

या सर्व विवेचनात ज्या मुद्द्यासाठी आम्ही मुख्यतः लेखणी उचलली तो आता मांडतो. आज आमच्या शाळांत, दवाखान्यांत, बँकांत व टपालकचेऱ्यांत स्त्रिया काम करीत आहेत. त्यांपैकी एखादीस बढती आली म्हणजे काय होते? पतीस बढती आली तर घर हलते. पत्नीस आली तर अर्ज हलतो! 'मुलांचे काय? सासूबाईंचे काय? रांधावयाचे कोणी?' हे प्रश्न पुरुषाच्या बढतीच्या वेळी कोणास सुचत नाहीत. तेच तिच्या वेळी वकिलाच्या सरबत्तीसारखे पुढे येतात. पुष्कळदा तिला कोणी विचारीतही नाही. तिने नाकारावयाची हे गृहीतच असते, आणि गृहीत धरलेल्या त्यागास 'स्वखुशी' असे गोंडस नाव दिले जाते. तिचे वेतन घरास चालते, त्यावर कर्जाचे हप्ते फिटतात. तिचा अधिकार मात्र घरास चालत नाही. हा न्याय कोणत्या शास्त्रात सांगितला आहे, हे आम्हांस कोणी दाखवून द्यावे.

बढती नाकारण्याचा अधिकार स्त्रीसही आहेच. पण तो तिचा असला पाहिजे. डॉ. रखमाबाई यांनी विवाहाच्या खटल्यात समाजाचा रोष पत्करला, विलायतेस जाऊन वैद्यक शिकून १८९४ साली त्या परत आल्या आणि सुरतेस पुष्कळ वर्षे काम केले. १९१८ साली त्यांस 'विमेन्स मेडिकल सर्व्हिस' या सेवेत येण्याचे आमंत्रण आले. ते त्यांनी नाकारले व राजकोटच्या स्त्रियांच्या रुग्णालयाचे काम पत्करले. त्या नकारास कोणी अबलेचा त्याग म्हणणार नाही, कारण काय घ्यावे व काय सोडावे हे ठरविणारे मन त्यांचे स्वतःचे होते. आमच्या गावची शिक्षिका किंवा परिचारिका 'नको' म्हणते तेव्हा तो शब्द तिचा की घराचा, एवढेच आम्ही विचारतो.

सरकारने या कामी काहीच केले नाही असे नाही. पती-पत्नी दोघेही सेवेत असल्यास शक्यतो एकाच ठिकाणी नेमावे, असे धोरण केंद्राने २००९ साली पुन्हा स्पष्ट केले. मुलांच्या संगोपनासाठी स्त्री-सेवकांस संपूर्ण सेवेत ७३० दिवसांच्या रजेची सोय २००८ पासून आहे. परंतु 'शक्यतो' हा शब्द कचेरीत फार लवकर 'अशक्य' होतो. आमचे मागणे साधे आहे. बढतीच्या हुकमाबरोबर ठिकाण आधी कळवावे, म्हणजे माणसास विचार करता येईल. जिल्ह्यात वरची जागा रिकामी असता दूरची जागा देऊ नये. जबाबदारी वाढवावयाची तर वेतनही वाढवावे. नुसत्या पाटीवर माणूस राबत नाही. आणि दुकानदार व कारखानदार यांसही आमची विनंती आहे की ज्यास वरचे काम द्याल त्यास त्या कामाचा अधिकारही द्या. चाव्या मालकाच्या कमरेस आणि जाब दिवाणजीच्या माथी, अशी बढती ही शिक्षाच होय.

शेवटी, ज्याच्या किंवा जिच्या हाती असा कागद आला असेल त्यांनी उत्तर लिहिण्यापूर्वी एक संध्याकाळ राखून ठेवावी, आणि घरातील सर्वांनी एकत्र बसून पाच गोष्टी वहीत लिहाव्या. नवे भाडे, प्रवास व दुसरी चूल वजा जाता प्रत्यक्ष शिल्लक किती राहते? नवे काम कोणते, आणि ते मला करावेसे वाटते काय? माझ्यामागे घरचे कोणते काम कोण करणार, आणि त्याने किंवा तिने त्यास रुकार दिला आहे काय? नाकारल्यास पुढे काय अडते? आणि हेच पत्र घरातील दुसऱ्या कमावत्या माणसास आले असते तर आपण काय म्हटले असते? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर वेगळे निघाले तर पहिल्या चारांची उत्तरे पुन्हा तपासावी.

हातचे सोडून पळत्याच्या पाठीस लागू नये असे आमचे वडील सांगत आले, आणि ते खरे आहे. पण हातात नेमके काय आहे हे मूठ उघडून पाहिल्यावाचून कळत नाही. घरोघर ती मूठ उघडली जावी आणि मग जाणारा असो वा राहणारा, पुरुष असो वा स्त्री, त्याने आपले उत्तर आपल्या सहीने द्यावे, एवढीच आमची इच्छा आहे.